दातांचे डॉक्टर आणि दुसरा भाग

थोरल्या वन्संच्या पायाशी धाकट्या भावजयीचा नमस्कार पोचावा. वाकून केलाय असं समजा. (प्रत्यक्ष वाकणं सध्या बंद आहे. पुस्तकांची खोकी उचलून कंबर धरली आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली. डॉक्टर म्हणजे हाडांचे. आपल्या घरात जे डॉक्टर आहेत त्यांची नजर हनुवटीच्या खाली कधी उतरलीच नाही.) तुमचा गुडघा काय म्हणतोय? जिना उतरताना अजून वाजतो की मलमाने गप्प बसला? यजमानांची झोप सुधारली का? आणि नातीला समोरचे दोन दात आल्याचं कळलं, फार आनंद झाला. फक्त ती बातमी तुमच्या भावाला आठवडाभर आधी कळली होती आणि मला परवा, तीही बोलता बोलता, एवढं आपलं तुमच्या कानावर घालते.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण आपल्या घरात फोन कुठेही वाजला तरी तो आधी तुमच्या भावाच्या हातात जातो, आणि मी बोलायला लागले की ते समोरच्या खुर्चीत बसून माझ्या दाढा मोजतात. शिवाय सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे. तक्रार नाही. मत्सर तर मुळीच नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते, म्हणजे पुढे वाचताना तुमचा गैरसमज व्हायला नको. नवऱ्याचं कौतुक झालं तर कुठल्या बायकोला वाईट वाटेल? माझं म्हणणं एवढंच, की कौतुक करून घ्यायला सगळं जग मोकळं असताना माणसाने नेमकं बायकोच्या ऑफिसात येऊन ते करून घेऊ नये.

तुम्हाला ठाऊकच आहे, गेल्या वर्षी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. तपासण्यांत भलतंसलतं काही निघालं नाही, पण थरथरत्या हातात यंत्र धरून कुणाच्या तोंडात शिरता येत नाही, म्हणून दवाखाना त्या धाकट्या डॉक्टरीणबाईंच्या हवाली केला आणि हे घरी बसले. घरी बसले म्हणजे काय, ते तुम्हाला इतक्या लांबून नाही कळायचं. स्वयंपाकघरातले चमचे उंचीप्रमाणे लावून ठेवले. कुणी भेटायला आलं की टेबललँपची मान त्याच्या तोंडाकडे वळवली. शेजारच्या बाई साखर मागायला आल्या आणि हिरड्यांची काळजी घेऊन परत गेल्या. साखर ह्यांनी दिली नाही. आणि मधूनच, कुणी नसलं की, आपल्या हाताकडे बघत बसायचे. तेवढं मात्र मला बघवेना. म्हणून मीच म्हटलं, अहो, माझ्याबरोबर वाचनालयात चला, पेपर वाचा, चार माणसं दिसतील. आपल्या हाताने आपल्या बिळात नागोबा नेऊन बसवला. तोही असा, की ज्याला बीळ माझ्यापेक्षा जास्त आवडावं.

पहिले काही दिवस ते खालच्या मजल्यावर, वर्तमानपत्रांच्या दालनात बसले. तिथे एक निवृत्त न्यायाधीश येतात. त्यांची कवळी सैल आहे, पान उलटताना तिचा आवाज होतो, सगळ्यांना ऐकू येतो, पण इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं. तुमच्या भावाने तिसऱ्या दिवशी बोलून दाखवलं. नुसतं बोलून नाही, भर दालनात दोन बोटांनी स्वतःचा जबडा धरून प्रात्यक्षिकही दिलं. न्यायाधीशांनी लेखी तक्रार केली आणि ह्यांची बदली वरच्या मजल्यावर, म्हणजे माझ्या विभागात झाली.

माझा विभाग म्हणजे कुमार विभाग. तेरा ते अठरा. ही मंडळी तुम्ही घरात एकेक करून पाहिली असतील, मला ती थव्याने बघावी लागतात. उंची उंटाची, आवाज बेडकाचा, आणि चेहऱ्यावर भाव असा की आत्ताच कुणीतरी आपला घोर अपमान केलेला आहे. या मुलांसाठी कादंबऱ्या निवडणं, त्या त्यांच्या हातात पोचवणं हे माझं काम, आणि ते मी मन लावून करते. प्रत्येक चांगल्या पुस्तकाखाली मी माझ्या अक्षरात शिफारशीची चिठ्ठी लावलेली आहे. हे का वाचावं, यातून काय मिळेल, कुठल्या वयाला योग्य. (माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. आमच्या लग्नानंतर तुम्हीच म्हणाला होता, अक्षर तरी चांगलं आहे. त्या ‘तरी’बद्दल आता काही म्हणायचं नाही.) दीपगृहात एकटी राहणाऱ्या मुलीची एक कादंबरी आहे, तिची शिफारस मी जवळजवळ प्रत्येकाला केली. काय भाषा आहे, काय समुद्र आहे. मुलं अगदी नम्रपणे ऐकतात आणि ऐकता ऐकता उलट्या पावली दारापर्यंत पोचतात. कुणी चुकून नेलंच, तर परत आणल्यावर मी आस्थेने विचारते, कसं वाटलं, काय घेतलंस त्यातून? मग तो मुलगा पुन्हा महिनाभर दिसत नाही. त्या कादंबरीची प्रत अजून छापखान्यातून आल्यासारखी आहे. आमच्या संग्रहातलं सगळ्यात सुस्थितीतलं पुस्तक म्हणून तपासणीच्या साहेबांनी तिचं कौतुक केलं, तेव्हा मी कुठे बघावं ते मला कळेना.

तर या विभागात एक मुलगी येते. तिचं नाव नोंदणीत आहे, पण आम्ही सगळे तिला टोपीवाली म्हणतो, कारण तिच्या जॅकेटची टोपी बारा महिने तिच्या डोक्यावर असते आणि आतून फक्त नाक दिसतं. शाळा सुटली की येते, खिडकीखालच्या गादीवर बसते, आपलं आपण वाचते, जाते. मी वर्षभर तिच्या मागे होते. चिठ्ठ्या लावल्या, पुस्तकं मुद्दाम तिच्या गादीजवळ विसरले, गोड बोलले. वर्षभराची कमाई म्हणजे एक ‘हं’ आणि दोनदा मान. आणि वन्सं, तुमचे बंधू त्या गादीशेजारच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसले (त्यांना आयुष्यभर बुटक्या स्टुलाची सवय, आणि बसायचं ते नेहमी उजव्या बाजूने), आणि पाच मिनिटांत म्हणाले, “तार गालाला टोचतेय ना?”

तिने टोपी जराशी मागे केली. दातांना तारा लावलेल्या होत्या, हेच मला वर्षभरात माहीत नव्हतं. ह्यांनी खिशातून मेणाची चपटी डबी काढली (निवृत्त झाले तरी खिशात ती असतेच, धोब्याला विचारा), तारेच्या टोकावर मेण कसं लावायचं ते सांगितलं, आणि वर म्हणाले, “मला बायकोने इथे बसवलंय. नुसतं बसून कंटाळा येतो. यातलं मी काय वाचू?”

लक्षात घ्या. त्यांनी तिला पुस्तक सुचवलं नाही. तिला विचारलं. तिने हातातलं पुस्तक मिटलं आणि त्यांच्या मांडीवर टाकलं. तीन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग. मीच मागवलेला, मीच चिठ्ठी लावलेला. पण ती चिठ्ठी तिने खूण म्हणून दुसऱ्याच पुस्तकात घातली होती, हे मला नंतर दिसलं.

आता इथे मला थोडं मागे जावं लागतं. लग्न झाल्यापासून मी ह्यांना पुस्तकं देत आले आहे. वाढदिवसाला, प्रवासात, आजारपणात. ह्यांनी त्यांचा उपयोगही केला, नाही असं नाही. एका जाड कादंबरीवर आमचा टीव्ही कित्येक वर्षं उभा आहे. विचारलं की म्हणायचे, दिवसभर तोंडं बघून डोळे थकतात गं. मी समजून घेतलं. आणि त्या संध्याकाळी ह्यांनी जेवणाच्या टेबलावर ते पुस्तक उघडलं, ते ताट निवेपर्यंत मिटलं नाही. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा म्हणाले, “थांब जरा, तिच्या गावाचं काय झालं ते कळू दे.” कुणाच्या गावाचं, कोण ती, हे मला सांगण्याची गरज त्यांना वाटली नाही. एका चौदा वर्षांच्या मुलीने पुस्तक फेकलं तर ते झेललं, आणि मी इतकी वर्षं जे ओंजळीत धरून उभी होते त्याच्यावर टीव्ही. पण मत्सर नाही. मी भांडी जरा जोरात घासली, एवढंच.

कथा तुम्हालाही सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक मुलगी नकाशे काढणाऱ्यांच्या हाताखाली शिकत असते. तिच्या लक्षात येतं, की आपलं गाव कुठल्याच नकाशावर नाही, आणि ते चुकून राहिलेलं नाही, कुणीतरी मुद्दाम खोडलेलं आहे. ती शोधत शोधत राजधानीतल्या नकाशा कचेरीत पोचते, शेवटच्या खोलीचं दार उघडते, तर आत तिचा थोरला भाऊ, जो मेला असं सगळे समजत होते, हातात खोडरबर घेऊन बसलेला. इथे पहिला भाग संपतो. तुमच्या भावाने पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही हे सगळं मीच केलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या विभागाचं रूपच बदललं. हे टोपीवालीशी वाद घालायला लागले. वाद म्हणजे, बोलायचे हेच. चाळीस वर्षं ज्यांनी तोंड उघडं असलेल्या माणसांशी गप्पा मारल्या, त्यांना उत्तराची अपेक्षाच नसते. प्रश्न स्वतः विचारतात, समोरच्याचं उत्तर स्वतः देतात, आणि त्यावर रागावतातही स्वतःच. ही मुलं उत्तर द्यायला लागू नये म्हणूनच जगत असतात. अशी जोडी जमल्यावर काय विचारता. दोन मित्र आहेत, कायम एकमेकांना चिकटून फिरतात म्हणून मी त्यांना जोडाक्षर म्हणते. ते येऊन बसले. मग आणखी चारपाच. हे प्रत्येकाला तेच विचारायचे, मी काय वाचू, आणि प्रत्येक जण धावत जाऊन पुस्तक आणायचा. ह्यांना वाचून दाखवायचंय म्हणून आधी स्वतः वाचायचा. माझ्या टेबलाशी येऊन मुलं विचारायला लागली, डॉक्टर आले का? मी म्हणायची, मी आहे ना, काय हवंय? तर म्हणायची, नाही, डॉक्टर हवेत.

असं महिनाभर ऐकल्यावर माणसाच्या हातून काय होईल सांगता येत नाही. त्या आठवड्यात नव्या पुस्तकांचं खोकं आलं. (तेच, ज्याने कंबर धरली.) त्यात त्या कादंबरीचा दुसरा भाग होता. मुलं रोज त्याची वाट बघत होती आणि ह्यांनी सगळ्यांना शब्द दिला होता, आला की आधी टोपीवाली, मग मी, मग बाकीचे. या क्रमात माझं नाव कुठेच नव्हतं. मी पुस्तक हातात घेतलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि ते बांधणीला जायच्या फाटक्या पुस्तकांच्या कपाटात, एका विश्वकोशाच्या मागे ठेवून दिलं. चार दिवस, असं मनात म्हटलं. त्यांचा बाजार जरा थंड होऊ दे, मग काढू. जेवणाच्या सुट्टीत कपाटापाशी उभ्याने मी ते वाचूनही टाकलं. म्हटलं, चला, निदान एका बाबतीत तरी मी ह्यांच्या पुढे आहे.

आगीतून फुफाट्यात, वन्सं. मुलांनी विचारलं, दुसरा भाग? मी म्हटलं, आलेला नाही. तोंडं पडली. तर तुमचे बंधू म्हणाले, “एवढंच ना? तोपर्यंत मी सांगतो.” आणि त्या बुटक्या स्टुलावर बसून, दुसऱ्या भागाचं एक अक्षर न वाचता, त्यांनी दुसरा भाग सांगायला सुरुवात केली.

आपल्याच मनाने. निव्वळ थापा. मुलांनाही ठाऊक होतं, त्यांनी लपवलंच नाही. म्हणाले, मला वाटतं असं झालं असेल. रोज संध्याकाळी थोडं थोडं. कुठे थांबायचं हे त्यांना पक्कं माहीत. दवाखान्यात पुढच्या खेपेला पेशंट यावा म्हणून ते असंच थांबायचे. गाद्या पुरेनात, मुलं जिन्यावर बसायला लागली. खालच्या दालनातले न्यायाधीश आवाज होतोय अशी तक्रार घेऊन वर आले आणि खुर्ची मागवून बसले. मी कामात होते. माझं टेबल सोडून उगाच कुठे जायची मला सवय नाही. फक्त त्या आठवड्यात शब्दकोशांच्या कपाटाची धूळ फार झाली होती, आणि ते कपाट नेमकं ह्यांच्या स्टुलामागे आहे, त्याला मी काय करणार. रोज झटकलं.

मग गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी ह्यांना हाताच्या तपासणीला जायचं होतं. संध्याकाळ झाली, मुलं जमली, स्टूल रिकामं. आदल्या दिवशी ह्यांनी त्या बहिणीला भावासमोर नेऊन उभं केलं होतं आणि भाऊ तोंड उघडणार एवढ्यात घड्याळ बघितलं होतं. मुलं वळवळत होती. जोडाक्षरातला एक म्हणाला, चला, जाऊ. तेव्हा टोपीवाली माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, “तुम्ही सांगा.”

वर्षभरात ती माझ्याशी दोन शब्द जोडून बोलली ते हे. म्हटलं, मला डॉक्टरांसारखं रचून सांगता येत नाही. ती म्हणाली, “मग काय येतं?” आता याचं उत्तर मला आयुष्यात कुणी मागितलं नव्हतं. मी जाऊन स्टुलावर बसले (ते फार बुटकं आहे, कंबरेने तिथेच निषेध नोंदवला) आणि जे येत होतं ते सांगितलं. म्हणजे खरा दुसरा भाग. छापलेला. मीच तेवढा वाचलेला. कबूल केलं नाही, आपलं मनानेच सांगतेय असं भासवलं. भाऊ रडतो, म्हणतो मला जबरदस्तीने इथे बसवलं, बहीण त्याला तिथल्या तिथे मिठी मारते, दोघं खिडकीतून पळून जातात.

मग टोपीवाली म्हणाली, “असं होणार नाही.”

मी म्हटलं, का नाही?

“ती तशी मुलगी नाही. भाऊ न सांगता गेला. घरात सगळे रडले. आणि सापडला म्हणून लगेच मिठी?”

“त्याचा नाइलाज होता ना,” जोडाक्षरातला उजवा म्हणाला.

“चिठ्ठी लिहायला नाइलाज होता? हातात रबर होतं म्हणजे पेन्सिल पण असणार.”

वन्सं, लेखकाची बाजू घेऊन मी भांडले. खरंच भांडले. म्हटलं, माणूस हरवतो तेव्हा राग आठवत नाही, सापडल्यावर आठवतो. पण आधी मिठी, राग मागाहून. ती म्हणाली, खोटं, आधी राग. न्यायाधीश म्हणाले, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देता येणार नाही. एरवी कधी न बोलणारा एक पोरगा म्हणाला, मिठी मारावी पण बोलू नये. वाचनालय बंद व्हायची घंटा झाली ती कुणाला ऐकू गेली नाही. आणि घरी जाताना मला जाणवलं, की आज मी कुणालाच विचारलं नव्हतं, कसं वाटलं, काय घेतलंस. विचारायला फटच मिळाली नाही. माझी बाजू मांडण्यातच संध्याकाळ गेली.

जाता जाता टोपीवालीने निकाल दिला. म्हणाली, “डॉक्टरांचा दुसरा भाग जास्त खरा आहे. तुमचा बनवलेला वाटतो.”

खऱ्या पुस्तकाला खोटं म्हटलेलं मी ऐकून घेतलं, कारण दुसरा इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी मी कपाटातून पुस्तक काढलं, बांधणीहून आलंय असं सांगितलं (कोऱ्या पुस्तकाला बांधणी कसली, हे विचारायचं सुदैवाने कुणाला सुचलं नाही) आणि टोपीवालीच्या हातात ठेवलं. चिठ्ठी लावली नाही. एवढंच म्हटलं, यातलं चौथं प्रकरण चूक आहे असं तू म्हणतेस, बघ बरं. तिने उभ्या उभ्या चौथं प्रकरण काढलं, वाचलं, माझ्याकडे पाहिलं. टोपीच्या आत पहिल्यांदा मला हसू दिसलं, तारांसकट. आता त्या प्रतीसाठी रांग आहे. लेखक कुठे कुठे चुकला ते प्रत्येकाला स्वतः बघायचंय. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही पुस्तकाला इतकी मागणी नव्हती, आणि ती आली कशाने, तर चुका काढायला.

टोपीवालीचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशी गेला, निघताना ती शाळेतून घरी येईपर्यंत थांबला नाही, म्हणून ती त्याच्याशी बोलत नव्हती, हे मला नंतर कळलं. ह्यांना आधीपासून माहीत होतं. (अर्थात.) गेल्या रविवारी तिने त्याला फोन लावला आणि चौथं प्रकरण वाचून दाखवलं, मध्ये मध्ये थांबून, हे चूक, हे चूक, असं सांगत. तिकडून तो काय म्हणाला ते तिने सांगितलं नाही. पण सोमवारी पाचवं प्रकरण वाचायचं म्हणून तिने पुस्तक आणखी ठेवून घेतलं, आणि रांगेतल्या पोरांनी, माहीत नाही कशी, ओरड केली नाही.

राहिलं ह्यांचं. पुस्तक बाहेर काढलं त्या रात्री जेवताना मी आपणहून सांगून टाकलं, की पुस्तक मी लपवलं होतं. म्हटलं होतं, चिडतील. तर भात कालवत म्हणाले, “माहीत होतं. विश्वकोश तपासायला गेलो तेव्हा दिसलं.”

“मग काढलं का नाही?”

“मजा येत होती. आणि तू रोज शब्दकोशांपाशी येऊन उभी राहायचीस. गोष्ट लवकर संपवली असती, तर तू पुन्हा टेबलाशी गेली असतीस.”

मी त्यांना आणखी भात वाढला. नको होता तरी वाढला. पाण्याचा पेला उचलताना हात जरा कमी थरथरला असं मला वाटलं. तपासणीवाले डॉक्टर म्हणतात तसं काही नाही, होता तेवढाच आहे. असो. यजमानांना नमस्कार, नातीला पापा, आणि तुमच्या गुडघ्याला सांभाळा.

तुमची,
धाकटी

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तुमच्या भावाला महिनाभर तुमच्याकडे बोलावून घ्या. गुडघ्याचं निमित्त करा, हवं तर नातीचे दात तपासायचेत म्हणा. दात म्हटलं की ते येतील. मला फक्त एक महिना माझ्या स्टुलावर एकटीने बसायचंय. बघायचंय, मुलं माझ्याकडेही येतात की नाही.

ता. क. दुसरा. मघाचं तूर्त राहू द्या. आत्ता बोलावू नका. दुसरा भाग कुठे संपतो ते पाहता मुलांना मध्येच डॉक्टरांशिवाय सोडणं बरं नाही, आणि घर संध्याकाळचं फार मोठं वाटतं. त्याऐवजी एक काम करा. तिसरा भाग आमच्याकडे अजून कुणी पाठवलेला नाही. तुमच्या गावातल्या दुकानात मिळतो असं ऐकते. घेऊन पाठवा. पण माझ्या नावाने, वाचनालयाच्या पत्त्यावर, घरी अजिबात नको. का ते तुमच्या लक्षात येईल.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात ह्यांनी विचारलं, कुणाला लिहितेस. सांगितलं. म्हणाले, “अगं, ताईला मी गुरुवारीच फोन केला. तिने तिसरा भाग आणला पण. ती वाचतेय, आणि रोज थोडं थोडं मला सांगते.” तेव्हा वन्सं, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे, की हे पत्र मिळालं की ते सांगणं ताबडतोब थांबवा. अगदीच राहवत नसेल तर सांगा, पण आधी मला फोन करा. मी दुपारी वाचनालयात असते आणि तिथला फोन मीच उचलते.